शनिवारची शिदोरी

"गाढव अडलंय," असा फोन मला दर उन्हाळ्यात तीस वेळा तरी येतो. त्यातल्या एकोणतीस वेळा गाढव अडलेलं नसतं, माणूस अडलेला असतो. मी फोनवरच विचारते, वाटेत चरू दिलंत का? मग पलीकडून एक कसनुसं "थोडंसंच..." ऐकू येतं. पहिल्या दिवशी थोडंसंच चरू दिलं की पुढचे पाच दिवस गाढव खानावळीत आल्यासारखं वागतं. त्यावर काय करायचं ते मी सांगते आणि फोन ठेवते.

त्या सोमवारी मात्र पलीकडचा माणूस म्हणाला, "चरू दिलेलं नाही, मादाम. पण खोगीर जरा खाली गेलंय."

"खाली म्हणजे किती खाली?"

"पोटाखाली," तो म्हणाला. आणि मागून एका लहान मुलाचा मोठ्या आनंदाचा आवाज आला, की चीज दरीत गेलं.

मी ब्लांदीन. केरासच्या डोंगरात आमचं गाव आहे आणि आमचा धंदा गाढवांचा. मुलंबाळं घेऊन डोंगर फिरायला येणाऱ्यांना आम्ही आठवडाभरासाठी गाढव देतो. गाढव सामान वाहतं हे आपलं म्हणायला. खरं तर ते मुलांना चालवतं. आईबापांनी हातापाया पडूनही जे पोर जागचं हलत नाही, त्याच्या हातात गाढवाची दोरी दिली की ते आठ किलोमीटर गाणी म्हणत जातं. शनिवारी नवी कुटुंबं येतात, शनिवारीच जुनी जातात. नव्यांची शिकवणी माझी ओदेत आत्या घेते. खरारा कसा करायचा, खूर कसे साफ करायचे, खोगिराच्या दोन बाजूंच्या पिशव्या ताणकाट्याला, म्हणजे हुकाला टांगून वजन दाखवणाऱ्या काट्याला, लावून सारख्या वजनाच्या कशा करायच्या, हे सगळं ती शिकवते. त्या शनिवारी मी एका लंगड्या गाढवाला घेऊन खाली डॉक्टरकडे गेले होते. म्हणून या माणसाला मी पाहिलंच नव्हतं.

घरी फक्त बिस्कोत होती. बिस्कोत आमची सगळ्यात म्हातारी गाढवीण, स्वभावाने राणीसाहेब. तिला घेऊन मी अडीच तास चढले. अकराव्या वळणावर सगळा बाजार मांडलेला दिसला. वाटभर कपडे, बाटल्या, एक उघडं पुस्तक. त्यांना दिलेला आमचा मार्की मध्ये उभा, डोळे अर्धे मिटून, खोगीर पोटाला लोंबतंय. सहाएक वर्षांचा मुलगा दरीत वाकून चीज शोधतोय. नऊएक वर्षांची मुलगी सगळ्यांकडे पाठ करून दगडावर बसलीय. आणि एक उंच, नाक सोललेला, उन्हावाऱ्याने रापलेला माणूस गुडघे टेकून मार्कीचा पुढचा पाय दोन्ही हातांत धरून त्याची मनधरणी करतोय. अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे मी जन्मभर ऐकत आले होते. प्रत्यक्ष हरी त्या दिवशी पाहिला.

मला हसू येणार होतं, पण पट्ट्याखाली मार्कीची कातडी सोलवटलेली दिसली आणि माझं डोकंच फिरलं. मी बोलायला लागले की आत्यासुद्धा खोलीबाहेर जाते. तो माणूस मात्र मान खाली घालून सगळं ऐकत उभा राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, चूक त्याचीच आहे, मुलांना काही बोलू नका. मग त्याने काय केलं ते सांगितलं.

त्याचं नाव एर्वान. दूर पश्चिमेला, ब्रेतान्यच्या किनाऱ्यावर एका बेटाची प्रवासी बोट तो चालवतो. लहानपणापासून शिडाच्या होडीत वाढलेला. होडी वळली की आतली माणसं उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसतात, नाहीतर होडी कलते. इथे वाट नागमोडी. एका वळणाला डोंगर डावीकडे, पुढच्या वळणाला उजवीकडे. म्हणून या शहाण्याने प्रत्येक वळणावर गाढव थांबवून जड सामान डोंगराच्या बाजूच्या पिशवीत हलवलं होतं. दहा वळणं. मुलगा बाटल्या देतोय, मुलगी पुस्तकं देतेय आणि मार्की विचार करतोय की या लोकांना झालंय तरी काय.

"गाढव उलटू नये म्हणून," तो म्हणाला.

"महाशय, गाढवाला चार पाय असतात."

"हो... ते आत्ता लक्षात आलं."

हे त्याने इतक्या गंभीरपणे सांगितलं की माझं हसू फुटलं. राग आला की मला बोलता येतं, हसू आलं की माझं संपलंच. मी वाटेवरच बसले आणि पोट धरून हसले. मग तोही हसला. त्याच्या डाव्या गालाला एक खळी पडते. ती मी त्या दिवशी पाहिली नाही, असं मी आत्याला पुढे बरेच दिवस सांगत होते.

मुलगी हसली नाही. तिचं नाव कातेल. तिला इथे यायचंच नव्हतं, हे तिने पहिल्या पाच मिनिटांत मला ऐकवलं. आईबाप वेगळे झालेले. एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी बाप बोटीने येऊन तिला आणि धाकट्या माएलला घेऊन जातो, पुढच्या शनिवारी परत आणून सोडतो. सुट्टीत तिला मैत्रिणींबरोबर समुद्रावर राहायचं होतं. बापाच्या डोक्यात डोंगर आला.

मी बिस्कोतवर खोगीर चढवलं आणि पिशव्या काट्याला लावल्या. कातेलच्या पुस्तकांनी तिची बाजू जड झाली होती. मी खोगिराच्या खिशातून आजोबांचा दगड काढला. हिरवा, गुळगुळीत, नदीतला, बरोबर चौदाशे ग्रॅमचा. हलक्या बाजूला तो टाकायचा, की तोल साधला. आजोबांनी चाळीस वर्षं वापरला, मग आत्याने, आता मी. मी ताणकाटा आणि दगड कातेलच्या हातात दिला आणि म्हटलं, इथून पुढे रोज सकाळी तोल तू बघायचास, तुझ्या बाबांना हात लावू द्यायचा नाही. तिने मला निरखून पाहिलं. मग पहिल्यांदाच बापाकडे बघून म्हणाली, "ऐकलंस ना?"

आता खरं म्हणजे मी मार्कीला घेऊन घरी जायला हवं होतं. पण मार्की आणि बिस्कोत जोडीने वाढलेली. दोन दिवसांनी भेटल्यावर पुन्हा तोडलं की दोघं अशी रेकतात की सगळी दरी जागी होते. म्हणून मी मोकळ्या मार्कीला घेऊन शुक्रवारपर्यंत यांच्याबरोबरच चालेन, असं मी जाहीर केलं. हे खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझा एक नियम आहे. शनिवारी जाणाऱ्या माणसांवर जीव लावायचा नाही. जाताना सगळेच गाढवाच्या गळ्यात पडतात, डोळे पुसतात, पुन्हा येऊ म्हणतात. मी त्यांना वाटेसाठी शिदोरी बांधून देते. पाव, चीज, दोन सफरचंदं. गाडी वळणाआड गेली की सगळं संपतं. दोन वर्षांपूर्वी असाच एकजण आठ दिवस राहिला आणि ऑक्टोबरअखेरच्या सुट्टीत नक्की येतो म्हणाला. मी मूर्खासारखी आठ दिवस चुलीवर सूप ठेवून बसले. आत्या रोज ते सूप मुकाट्याने प्यायली. तेव्हापासून हा नियम.

मंगळवारी दुपारी पावसाने गाठलं. डोंगरातला पाऊस सांगून येत नाही. आधी वारा पडतो, मग एकदम गारा. आम्ही धावत एका मेंढपाळाच्या रिकाम्या दगडी खोपटात शिरलो. चार माणसं, दोन गाढवं आणि एकच खिडकी. ओल्या केसांचा, गवताचा, गाढवांचा वास. माएल मार्कीच्या पोटाखाली बसून गारा खात होता. मी आणि एर्वान भिंतीला टेकून खांद्याला खांदा लावून उभे होतो, कारण दुसरीकडे जागाच नव्हती... असं दोघंही धरून चाललो होतो.

मी म्हटलं, "तुमचं जाकीट गळतंय."

"रेफ्यूजमधल्या बाई काल सांगत होत्या, दोन हजार मीटरच्या वर कुणी कुणाला तुम्ही म्हणत नाही. इथली रीत आहे म्हणे."

रेफ्यूज म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं घर. तिथल्या बाईंना नको तिथे बोलायची खोडच आहे. मी म्हटलं, ही जागा जेमतेम एकोणीसशे मीटर असेल.

माएल पोटाखालून म्हणाला, "दोन हजार एकशे दहा." त्याच्या मनगटावर उंची दाखवणारं, वाढदिवसाचं नवं घड्याळ होतं.

"मग..." एर्वान म्हणाला. नुसता खिडकीबाहेर बघत राहिला, गालाला खळी पाडून.

"तुझं जाकीट गळतंय," मी म्हटलं. कान तापले माझे. बाहेर गारा थांबून बराच वेळ झाला होता, हे आधी कातेलच्या लक्षात आलं.

त्या रात्रीच्या मुक्कामाला जेवणात मोहरीच्या रश्शातला ससा होता. एर्वानने पाटीवरच्या नावाला नुसतं बोट लावलं. मुलं खुसखुसायला लागली. मग कळलं, दर्यावर्दी माणसं सशाचं नाव घेत नाहीत. घेतलं तर बोट बुडते. फार तर लांब कानांचा म्हणायचं. मी म्हटलं, इथे पन्नास कोसांत समुद्र नाही, घे की नाव. तो म्हणाला, जी गोष्ट येऊ नये असं वाटतं, तिचं नाव कशाला घ्या?

कातेलने मान वर केली. "मग मी पण एक नाव घेणार नाही," ती म्हणाली. "शुक्रवारनंतरचं."

एर्वानने तिच्या ताटात स्वतःचा बटाटा वाढला. तेव्हापासून आमच्यात शनिवारचं नाव बंद झालं. लांब कानांचा दिवस, असं म्हणायचं. माएल विसरून बोलला की कातेल लगेच त्याच्या तोंडावर हात ठेवी.

गुरुवारी ती माझ्याबरोबर पुढे चालत होती. मार्मोट, मांजराएवढ्या डोंगरी खारी, बिळांशी शिट्ट्या मारत होत्या. तिने अचानक विचारलं, तुझ्याकडे दर आठवड्याला नवी मुलं येतात, मग आधीची तुला आठवतात का? मी म्हटलं, न आठवायचा प्रयत्न करते. का, तर जातात म्हणून. ती बराच वेळ दगड तुडवत चालली. मग म्हणाली, "मी पण बॅग पूर्ण रिकामी करत नाही. आईकडे नाही, बाबांकडे पण नाही." नऊ वर्षांची पोर आणि माझंच मन मला वाचून दाखवत होती. मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही.

शुक्रवारी शेवटचा मुक्काम तळ्याकाठी. मुलं पाण्यात दगड मारत होती आणि मी एर्वानला गाढव बांधायची गाठ शिकवत होते. चारदा दाखवली, चारदा त्याने चुकवली. बोटचालक माणूस, याला गाठ येत नाही, यावर कोण विश्वास ठेवील?

"मुद्दाम चुकवतोयस," मी म्हटलं.

"एकदा दाखव. बोटं धरून."

धरली. मग दोरीचं टोक ओढलं, गाठ एका झटक्यात सुटली. मी सांगितलं, गाढव घाबरलं तर पटकन सोडवता यावं म्हणून ही अशी मारतात. तो म्हणाला, आमच्याकडे गाठ मारतात ती वादळातही सुटू नये म्हणून.

"मग तू कुठल्या गाठीतली?" त्याने विचारलं. माझी बोटं अजून त्याच्या हातात होती.

"मी... पटकन सुटणाऱ्यातली."

"घाबरतेस म्हणून?"

तळ्यावरून गार वारा आला. त्याने माझ्या हातावर ओठ टेकले, अगदी हलके, आणि मी उठून बिस्कोतला पाणी दाखवायला गेले. बिस्कोत आत्ताच पाणी प्यायली होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला तिचीच लाज वाटली.

आणि मग तो लांब कानांचा दिवस आला. अंगणात नवी कुटुंबं येऊन उभी राहिली होती, आत्याची शिकवणी चालू होती. मी शिदोरी बांधून दिली. एर्वान म्हणाला, ऑक्टोबरअखेरच्या सुट्टीत मुलांना घेऊन येतो. तेच शब्द, तीच सुट्टी.

"तुम्हाला उशीर होईल," मी म्हटलं. "रस्ता लांबचा आहे."

'तुम्हाला' ऐकून त्याचा चेहरा पडला. दोन हजार मीटरच्या खाली आलो होतो आम्ही. तो शिदोरी घेऊन गाडीत बसला. कातेलने वळून पाहिलंसुद्धा नाही. गाडी वळणाआड गेली.

दुपारी बिस्कोतचं खोगीर उतरवलं तर खिसा रिकामा. आजोबांचा दगड नव्हता. सगळं घर उलटंपालटं केलं, वाटेवर शोधून आले. मग गोठ्यात बसून खूप रडले. दगडासाठी रडतेय असं आत्याला सांगितलं. आत्या म्हणाली, हो गं बाई, दगड होताच तसा, गालाला खळी असलेला.

दहा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. मोठ्या, तिरक्या अक्षरात. 'दगड माझ्याकडे आहे. बाबा म्हणतो पोस्टाने पाठवू. मी म्हटलं नको, पोस्टात वस्तू हरवतात. कातेल.' खाली लहान अक्षरात, 'मला माहीत नव्हतं. खरंच. ए.'

चार दिवस कार्ड चुलीवरच्या फळीवर होतं. येता जाता मी ते वाचत होते आणि येता जाता स्वतःला बजावत होते की हे सगळं शनिवारचंच बोलणं आहे, फक्त टपालाने आलेलं. पाचव्या दिवशी एक ओळ लिहून पाठवली. 'बिस्कोत वाकडी चालतेय.' आत्याने ती वाचली आणि म्हणाली, माझ्या वेळी मुली असं पत्र लिहीत नव्हत्या, म्हणून त्यांची लग्नं झाली.

सप्टेंबर गेला. लार्चची झाडं पिवळी झाली, मेंढ्या खाली उतरल्या, वरच्या खिंडीत पहिलं बर्फ पडलं. सुट्टी लागली. पहिल्या शनिवारी मी सूप केलं नाही. मुद्दाम नाही केलं. दिवसभर खिडकीशी काही ना काही काम काढलं एवढंच. कुणी आलं नाही. रविवार गेला, सोमवार गेला, मंगळवारी मी गवताच्या पेंढ्या रचता रचता स्वतःला चांगल्या शिव्या घातल्या.

बुधवारी बिस्कोत रेकायला लागली. तशी ती फक्त मार्कीसाठी रेकते आणि मार्की तर तिच्या शेजारीच उभा होता. मी बाहेर आले. अंगणात समुद्राच्या मिठाने पांढरी पडलेली एक गाडी उभी होती. कातेल उतरली, दोन्ही हातांत दगड घेऊन सरळ माझ्यापाशी आली आणि तो बाकावर ठेवला. "मी चोरला होता," ती म्हणाली. "सॉरी. चोरलेलं परत करायला यावंच लागतं ना." मी तिला असं कवटाळलं की तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही.

एर्वान मागे उभा होता. शनिवारी बोट बंद ठेवता आली नाही म्हणाला, वारा होता, बेटावरची माणसं अडकली असती. मग खिशातून त्याने आणखी एक दगड काढला. करडा, गोल, मध्ये एक पांढरी रेघ. समुद्रकाठी तिघांनी मिळून शोधलेला, मासळीबाजारातल्या काट्यावर तोललेला. मी तो पिशवीत घालून ताणकाट्याला लावला. बरोबर चौदाशे.

"दोन्ही सारखे," मी म्हटलं. "एक इकडे टाकायचा, एक तिकडे. मग गाढवावर नुसतं ओझंच की. काय उपयोग?"

"काहीच नाही," तो म्हणाला. "फक्त... एकटा नको, एवढंच."

मी सूप करायला घरात गेले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. घरभर ओले बूट, माएलचे प्रश्न, आत्या आणि एर्वान पत्ते खेळताना भांडतायत, जिन्यात भेटलं की आम्ही दोघं एकमेकांना वाट देता देता तिथेच उभे. मी इतकी खूश होते की मला धडकी भरली होती. कारण शुक्रवारनंतर काय येतं ते मला माहीत होतं. आणि कुणीच त्याचं नाव घेत नव्हतं.

शनिवारी उजाडायच्या आत मी स्वयंपाकघरात गेले. हाताला सवय होती. पाव कापला, चीज कापलं, सफरचंदं पुसली, फडक्यात सगळं बांधलं. वळले तर दारात एर्वान.

"हे काय?"

"शिदोरी. वाटेसाठी."

"कुठल्या वाटेसाठी?"

"आज शनिवार आहे," मी म्हटलं. घेतलं नाव एकदाचं.

तो आत येऊन टेबलाशी बसला. म्हणाला, मंगळवारपासून त्याच्या जागी दुसरा माणूस बोट चालवतोय आणि पुढच्या आठवड्यात ती किनाऱ्यावर चढेल. ईस्टरपर्यंत पाण्यात उतरत नाही, हिवाळ्यात बेटाला मोठी बोट जाते. मुलांची सुट्टी अजून आठ दिवस आहे. मग त्यांना आईकडे सोडून यायला त्याला चार दिवस लागतील. हिवाळ्यात मुलांचा शनिवार आला की तो जाईल, त्यांच्याबरोबर आठवडा काढेल आणि परत येईल. लांब आहे, पण आगगाडी आहे. उन्हाळ्यात त्याची बोट, माझी गाढवं, त्याला इलाज नाही. पण हिवाळे दोघांचेही मोकळे आहेत.

"हा सगळा हिशेब बोटीवर केलास?" मी विचारलं.

"दोन महिने. पण तुझं म्हणणं नसेल तर ही शिदोरी घेतो आणि निघतो. चीज या वेळी दरीत पडू देणार नाही."

मी म्हटलं, "मला वाट बघता येत नाही, एर्वान. मी फार वाईट वाट बघते. सूप उकळत बसते आणि सगळ्यांशी भांडते."

"चार दिवसांचं सूप मी पिऊ शकतो."

"थट्टा करू नकोस." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला ते लपवायचं नव्हतं. "बुधवारी तर कुणीही आवडतं. मला तू... मला तू शनिवारीसुद्धा हवा आहेस."

तो उठला. माझे पावाचा चुरा लागलेले हात त्याने आपल्या हातांत घेतले आणि या वेळी मी बिस्कोतला पाणी दाखवायला गेले नाही. त्याच्या ओठांना कॉफीची चव होती आणि थोडी मिठाची. मीठ माझंच असावं.

जिन्यावर काहीतरी वाजलं म्हणून आम्ही बाहेर पाहिलं. शेवटच्या पायरीवर कातेल बसली होती. जाकीट घातलेलं, बुटांच्या नाड्या बांधलेल्या, पाठीवर भरलेली बॅग. शनिवार होता. ती तयार होती.

"किती वाजता निघायचं?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा.

एर्वान काही बोलायच्या आत मी खुंटीवरचा ताणकाटा काढून तिच्या हातात दिला. म्हटलं, निघायचंय, पण वरच्या कुरणात. बर्फ पडायच्या आत बिस्कोतला एकदा फिरवून आणायचंय. बॅग वर ठेवून ये आणि तोल तू बघ, तुझ्या बाबांना हात लावू देऊ नकोस. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बापाकडे, एकदा टेबलावरच्या शिदोरीकडे. मग धडधडत जिना चढून गेली. वरून खण उघडल्याचा आवाज आला. मग दुसरा खण. मग तिसरा. ती बॅग रिकामी करत होती आणि खाली आम्ही दोघं श्वास धरून ऐकत होतो.

कुरण काही लांब नाही, अर्धा तास. दोन्ही पिशव्यांत एकेक दगड, त्यामुळे बिस्कोत अगदी सरळ चालली, विनाकारण अठ्ठावीसशे ग्रॅम जास्त वाहत. लार्चची सुयांसारखी पिवळी पानं वाटेवर पडली होती. तिथल्या मेंढवाड्याच्या भिंतीवर बसलं की खाली आमचं घर दिसतं, धुराड्यातला धूर दिसतो, अंगणात आत्या दिसते. तिथेच बसून आम्ही शिदोरी सोडली. लांबच्या रस्त्यासाठी बांधलेली होती, चौघांना पुरून उरली.

माएलने तोंड भरून पाव घेतला आणि पाय हलवत म्हणाला, "आज शनिवार आहे."

मी कातेलकडे पाहिलं. तिने सफरचंदाचा तुकडा बिस्कोतला दिला, दुसरा स्वतः खाल्ला आणि त्याला गप्प केलं नाही.